सात जणांची संमती

वाल्मीकने तो कागद ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर छाटणीची कात्री ठेवली. समोर उभ्या असलेल्या ललितने पेन पुढे केले. नाशिकच्या कंपनीतून तो केवळ या सहीसाठी दिंडोरीस आला होता.

द्राक्षबागेची फवारणी सांगणारे मोफत ॲप सात जणांनी मिळून लिहिले होते. बागेचे वय छाटणीपासूनच्या दिवसांनी मोजणारा भाग दहावी नापास वाल्मीकचा. कोड सर्वांस खुला होता. अट एकच, की जो कोणी तो पुढे देईल त्याने खुलाच द्यावा. कंपनीला मात्र त्यात हवामानाचा विकत घेतलेला भाग जोडावयाचा होता, आणि त्याच्या परवान्यात कोड उघड करण्यास सक्त मनाई होती. दोन्ही अटी एका ॲपमध्ये नांदणे अशक्य होते. जुनी अट काढावयाची, तर सातही जणांची लेखी संमती हवी होती.

“वाल्मीकभाऊ, ॲप तेच राहील. उलट अंदाज अचूक येईल.”

“आन् उद्या आमच्या पोराला, गोरक्षला त्यात दुरुस्ती करायची झाली तर?”

“कंपनीला कळवायचं.”

“म्हंजे आपल्याच हिरीवर पाणी मागून प्यायचं.”

शेजारच्या ओळीत वेली छाटणारी त्याची चुलती चतुराबाई हसली.

“सही करायची नसंल तर त्यांना येक कात्री दे बाबा. कवाचे नुसते उभे हायेत.”

ललित हसला नाही.

“सही नेली नाही, तर माझी नोकरी राहत नाही, भाऊ.”

वाल्मीकने पेन घेतले नाही.

“तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाय मला. पर ही अट काढायला माझा हात लागनार नाय. साहेबाला सांगा, वाल्मीक नाय म्हनला.”

मग त्याने कात्री उचलून कागदावरची सात नावांची यादी सावकाश वाचली. पाच नावांपुढे सह्या होत्या. त्याच्या नावापुढची जागा कोरी होती, आणि सर्वांत वर, पहिल्या नावापुढचीही.

“हे तर तुमचं नाव.”

“हो. कॉलेजात असताना सुरुवात मीच केली होती.”

“मंग अट बी तुमीच घातली आसंल.”

ललितने कागदाची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली आणि खिशातून फोन काढला.

“सर, दिंडोरीहून बोलतोय. दोन सह्या मिळणार नाहीत.”