आरशातला कोंबडा

धाकट्याच्या सलूनमध्ये दोन गोष्टींना बंदी होती. केस कापायचं मशीन आणि गेल्या तीस वर्षांतलं कुठलंही गाणं. चुकून एखादा तरुण आत शिरला आणि मोबाइलवर कुणाचा तरी फोटो दाखवून "असे कापा" म्हणाला, की धाकटा फोटो नीट न्याहाळायचा आणि विचारायचा, "आजारी होता का हा?" तरुण निमूट उठून समोरच्या दुकानात जायचा. समोरचं दुकान थोरल्याचं, म्हणजे सख्ख्या भावाचं, आणि म्हणूनच शत्रूचं.

दोघांची खरी नावं गल्ली कधीच विसरली होती. हा धाकटा, तो थोरला. हा सहासष्टचा, तो बहात्तरचा, पण भांडण अजून तरणंताठं होतं. मधे बारा पावलांचा रस्ता आणि अडतीस वर्षांचा अबोला.

कारण ऐकून नवख्याला हसू येई. दोघांच्या तरुणपणी एक गायक होता. त्याच्या गाण्यांनी पोरांना वेड लावलं होतं आणि गाण्यांहून जास्त त्याच्या केसांनी. कपाळावर उंच फुगवलेला, क्रीमने चकाकणारा कोंबडा आणि कडेला पट्टीने आखल्यासारखा भांग! तेव्हा दोघं भाऊ एकाच दुकानात काम करायचे. शनिवारी बाहेर रांग लागे, आत तबकडी फिरत असे, आणि कोंबडा करून बाहेर पडणारा पोरगा डोक्यावर भरली घागर असल्यासारखा चाले. तबकडीच्या पाकिटावर गायकाचा हसरा चेहरा होता. धाकट्याने ते पाकीट आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलं होतं आणि त्यात बघून तो गिऱ्हाइकांचा भांग उजवीकडे पाडायचा. थोरला एकदा परगावी जाऊन त्या गायकाला पहिल्या रांगेतून पाहून आला आणि आल्या आल्या, भर शनिवारी, भरल्या दुकानात त्याने धाकट्याला टपली मारली.

"गाढवा, तो डावीकडे पाडतो. मी या डोळ्यांनी बघून आलोय."

"मला काय डोळे नाहीत?" धाकटा म्हणाला. "हा फोटो आणि हा आरसा. जुळतंय की नाही, सगळ्यांनी सांगा."

सगळ्यांनी खुर्चीतल्या पोराचा आरशातला चेहरा पाहिला, कोपऱ्यातला फोटो पाहिला. भांग दोन्हीकडे एकाच बाजूला दिसत होता. लोक थोरल्याला हसले, आणि थोरल्याला लोकांचं हसू सोसायची सवय नव्हती. शब्दाने शब्द वाढला, आईबापांपर्यंत गेला, जे दोघांचेही तेच होते. महिन्याभरात वाटणी झाली. थोरल्याने तबकडी ठेवून घेतली, धाकट्याने पाकीट नेलं आणि बरोबर समोरचा गाळा घेतला. लांब गेला असता तर भावाला जळवता कसं आलं असतं?

तेव्हापासून अर्धी गल्ली डाव्या भांगाची आणि अर्धी उजव्या. इकडे टेपवर तेच गाणं, तिकडे तबकडीवर तेच गाणं, एक कडवं मागे-पुढे. लोक म्हणत, दोन कोंबड्यांची गल्ली आहे ही.

या भांडणातला एक किस्सा धाकट्याच्या खास आवडीचा होता. कात्री थांबवून तो सांगायचा, "दुकान उघडून पंधरा दिवस झाले नसतील, तर थोरले साहेब दारात हजर! आरशाकडे बोट दाखवतोय, हातवारे करतोय. मी काय केलं? टेपचं बटण फिरवलं. पूर्ण! गाणं असं दणाणलं, की याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. काय बोलत होता, देव जाणे!"

'देव जाणे'ला गिऱ्हाईक हसायचंच. निवृत्त पोस्टमास्तर तर डोळे पुसेपर्यंत हसायचे. त्यांच्या डोक्यावर आता मूठभर केस उरले होते, पण त्या मूठभरांचाही कोंबडा आणि उजवा भांग त्यांना लागायचा, आणि दर पंधरा दिवसांनी हा किस्साही.

धाकट्याला थोरल्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं: तुझं बरोबर होतं. तेवढं ऐकल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, हे त्याचं ठरलेलं होतं. वहिनी गेली तेव्हाही त्याने तो ओलांडला नाही. शाळेत जाताना त्याचा भांग पाडून देणारी वहिनी! त्या दिवशी तो आपल्या दारात वस्तरा हातात धरून उभा राहिला, समोरून तिला नेताना पाहिलं, आणि आत येऊन अर्ध्यावर सोडलेली दाढी पुरी केली. त्यानंतर सहा वर्षं त्याला झोप नीट लागत नव्हती, पण हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आणि एका शनिवारी सकाळी थोरला रस्ता ओलांडून आला. दारात न थांबता आत शिरला आणि खुर्चीत बसला.

"कोंबडा कर," तो आरशाकडे बघत म्हणाला. "उद्या सभागृहात त्या गायकाच्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे."

"लेकीला सांग की तुझ्या. दुकान तीच चालवते ना?"

"तिला मशीन फिरवता येतं. कोंबडा येत नाही." त्याने उजवा हात मांडीवरून उचलला. हात लटलट कापत होता. "आणि मला आता येत नाही. उरलास तू."

धाकट्याने टेप बंद केला. आला! अडतीस वर्षांनी आला, स्वतःच्या पायाने, स्वतःचं डोकं घेऊन! आता असा उजवा भांग पाडीन, की गल्लीभर बघत राहतील. थोरल्याच्या डोक्यावर माझा भांग! त्याने कापड झटकून थोरल्याच्या गळ्याभोवती बांधलं, जरा जास्तच आवळून.

"फास देतोयस का?"

"हलू नकोस."

केस पांढरे झाले होते, पण दाट होते. तेवढ्यानेही धाकट्याचा जळफळाट झाला. त्याने फवारा मारला, क्रीम चोळलं, कंगव्याचं टोक उजवीकडे टेकवलं.

"डावीकडे," थोरला म्हणाला.

"माझ्या दुकानात भांग उजवीकडेच पडतो."

"डोकं दिलंय तुला, अक्कल गहाण नाही ठेवली."

"मग ऊठ आणि कापऱ्या हाताने पाड!"

धाकट्याने उजवीकडे सर्रकन भांग पाडला, कोंबडा उचलला, बोटांनी फुगवला. हात विसरले नव्हते. मग आरशाच्या कोपऱ्यातल्या फोटोवर कंगवा आपटत तो म्हणाला, "बघ! तंतोतंत आहे की नाही? एकदा म्हण तोंडाने."

"तंतोतंत आहे," थोरला म्हणाला.

धाकट्याला ऐकलेलं खरं वाटेना. तेवढ्यात थोरल्याने पायाने जमिनीला रेटा दिला, खुर्ची गर्रकन फिरली, आणि तो धाकट्याच्या समोरासमोर आला.

"आता ते पाकीट काढ आणि माझ्या तोंडाशेजारी धर."

"कशाला?"

"धर म्हणतो ना."

जुना डिंक करकरत सुटला. धाकट्याने पाकीट थोरल्याच्या कानाशी धरलं. गायकाच्या भांगाची रेघ धाकट्याच्या उजव्या हाताला दिसत होती. थोरल्याची डाव्या हाताला. त्याने पाकीट दुसऱ्या कानाशी धरून पाहिलं. फरक पडला नाही. फोटो मुळातच समोरून काढलेला होता, आणि धाकटा इतकी वर्षं तो आरशातल्या उलट्या डोक्यांशी ताडून पाहत आला होता. गिऱ्हाईक आरशात गायकासारखं दिसे आणि रस्त्यावर त्याच्या उलट. हजारो डोकी! आणि प्रत्येकाचा भांग त्याच्याच हाताने उलटा पडलेला. अडतीस वर्षं आरशापुढे उभं राहून त्याला आरसा कळला नव्हता.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," थोरला म्हणाला.

"तुला कधी कळलं हे?"

"तुझं दुकान उघडल्यावर पंधराव्या दिवशी. माझ्याच आरशात बघताना."

"आणि अडतीस वर्षं गंमत बघत बसलास?" धाकटा ओरडला. "सांगायला काय झालं होतं? जीभ झडली होती?"

"आलो होतो ना सांगायला! दारात उभा राहून आरसा दाखवत होतो. चूक तुझी नाही रे, आरशाची आहे, घरी चल. एवढंच म्हणत होतो." थोरल्याने कापऱ्या हाताने गळ्याजवळचं कापड सैल करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "तू गाणं मोठं केलंस. लोक हसले."

धाकट्याने पाकीट फळीवर ठेवलं. मग तो म्हणाला, "पुन्हा यायचंस, दादा."

"मी थोरला आहे. मी दोनदा येत नसतो. तीही रोज म्हणायची, पुन्हा जा. मरेपर्यंत म्हणत होती."

"वहिनी..."

"तिचं नाव तुझ्या तोंडी नको. भांग पाड."

धाकट्याने केस पुन्हा ओले केले. खुर्ची आरशाकडे न वळवता, भावाच्या समोर वाकून, त्याने डावीकडे भांग पाडला. इतक्या जवळून तो चेहरा त्याने टपलीच्या दिवसानंतर पाहिला नव्हता. थोरल्याने डोळे मिटून घेतले होते. काम झाल्यावर तो उठला, आरशात न बघता बाहेर पडला आणि बारा पावलं टाकून आपल्या दुकानात गेला. दार त्याने लावून घेतलं.

इतक्यात पोस्टमास्तर आत आले, डोळे विस्फारून. "थोरला तुमच्याकडून कोंबडा करून गेला? म्हणजे शेवटी नाक मुठीत धरून आला! वा! आज तर तो किस्सा झालाच पाहिजे."

ते खुर्चीत बसले, खुर्ची आरशाकडे वळवून घेतली. धाकट्याने त्यांच्या गळ्याला कापड बांधलं. पाकीट अजून फळीवर पडलेलं होतं.

"सांगा ना! दुकान उघडून पंधरा दिवस झाले नसतील..."

"पंधरा दिवस झाले नव्हते," धाकटा म्हणाला. "तो दारात आला. आरशाकडे बोट दाखवत होता. मी गाणं मोठं केलं."

"आणि नुसतं तोंड हलत होतं! काय बोलत होता..."

"घरी चल म्हणत होता," धाकटा म्हणाला.

पण पोस्टमास्तरांनी स्वतःच "देव जाणे!" म्हणून टाकलं होतं आणि ते मांडीवर थापा मारत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खदाखदा हसत होते. धाकट्याने तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. त्या हसण्यात त्याला स्वतःलाही काही ऐकू आलं नाही. समोर आरशात त्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं.