चोचीच्या मुळाशी लाल

त्या रविवारी ऋता दाबके पुण्याला भाचीच्या साखरपुड्यात होती आणि नेमक्या त्याच रविवारी भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागच्या डबक्यावर नीलम गजभियेला लिटल क्रेक दिसली.

फोटो सकाळी आठ बाविसला पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर पडला. खाली नीलमने 'लिटल क्रेक?' एवढंच लिहिलं होतं. नऊ वाजेपर्यंत साठ जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ऋताने पदर सावरत फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला, 'मस्त गं!' असं लिहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला. दुपारी पानात श्रीखंड होतं. तिने ते चमच्याने नुसतं इकडचं तिकडे केलं.

लिटल क्रेक म्हणजे मुठीत मावेल एवढी फटाकडी, पाणथळीतला एक लाजरा पक्षी. पाणकणसाच्या गर्दीत राहते, चिखलावर चार पावलं बाहेर येते आणि जरा चाहूल लागली की आत पळते. हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक फटाकडी आहे, बेलन्स क्रेक. ती बहुतेक हिवाळ्यांत दिसते, तिचं कोणाला काही नाही. दोघींत ओळखायच्या खुणा दोन. लिटलच्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपका असतो आणि तिच्या पंखांची टोकं मागे लांब गेलेली असतात. बेलन्सला लाल ठिपका नाही, पंख आखूड.

ग्रुपच्या दप्तरी लिटल क्रेकची पक्की नोंद आजवर एकच होती. २०१५ सालची, ऋताची. ग्रुपने छापलेल्या पुस्तिकेत तो फोटो पान बेचाळीसवर होता. कोणी नवीन माणूस आला की ओळख ठरलेली असायची, "ही ऋता. लिटल क्रेकवाली."

नीलमशीही तिची अशीच ओळख झाली होती. नीलम अंधेरीच्या एका इस्पितळात एक्स-रे काढते, राहते भांडुपलाच. तीन हिवाळ्यांपूर्वी ती पहिल्यांदा फेरीला आली तेव्हा तिला बगळा आणि ढोकरी यांतला फरक कळत नव्हता. तो ऋताने शिकवला. दुर्बीण कशी धरायची, वही कशी लिहायची, सगळं ऋताने शिकवलं. स्वतः नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना तिलाच देऊन टाकला. पण ऋता दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत नीलम म्हणायची, "ती बघ, उजवीकडे, फांदीच्या मागे." आधी ऋताला याचं कौतुक वाटायचं. मग ते कमी कमी होत गेलं. गेल्या वर्षापासून तर काही वेगळं दिसलं की लोक आधी नीलमला फोन करू लागले होते.

ऋताच्या हाती मात्र एक गोष्ट होती. पक्ष्यांच्या नोंदी ज्या संकेतस्थळावर जमा होतात तिथे उपनगरांतल्या नोंदी तपासायचं काम तिच्याकडे होतं. नेहमीचं नसेल ते तिच्यापुढे यायचं आणि तिने होय म्हटलं तरच कायम व्हायचं. पोटापाण्याचं कामही त्याच जातीचं होतं. विमा कंपनीत ती दाव्यांची छाननी करायची.

मंगळवारी नीलमची नोंद तिच्यापुढे आली. तिने लिहिलं, 'लाल ठिपका नीट दिसत नाही. आणखी फोटो पाठव.' पाच मिनिटांत फोन वाजला.

"अगं, दिसत नाही काय? मला तर चांगला दिसतोय."

"तुला दिसतोय गं. बाकीच्यांना दिसायला हवा ना."

"वा! दावे तपासून तपासून पार तसलीच झालीस तू. मेलेल्या माणसालाही म्हणशील, पुरावा आण."

"नाटकं नकोत. फोटो पाठव."

नीलमने सत्तावीस फोटो पाठवले. सोबत निरोप होता: 'तुझ्या पान बेचाळीसशेजारी ठेवून बघितले. तुझीचे पंख आखूड दिसतात, माझीचे लांब. दोघीही लिटल कशा असतील? एक चुकतेय. माझीच असेल. तू सांगशील तसं.'

ऋताने तो निरोप तीनदा वाचला.

गुरुवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने जुनी हार्ड डिस्क काढली. २०१५ च्या त्या सकाळी तिने एका दमात नऊ फोटो घेतले होते. छापलेला होता चौथा, कारण लाल ठिपका त्यातच ठसठशीत आला होता. पुढचे पाच तिने तेव्हा जेमतेम चाळले होते. त्यानंतर ते उघडायची गरजच पडली नव्हती. सहाव्यात फटाकडीने चोच पाण्यात बुडवली होती. सातव्यात ती वर आली होती. चोच स्वच्छ हिरवी. आणि शेजारी पाण्यावर एक लालसर कण तरंगत होता. डबक्यावर शेवाळासारखी लाल साय धरते, तिचा तुकडा. पंख आखूड होते. चौथ्यातही आखूडच होते. अकरा वर्षं ते पान बेचाळीसवर सगळ्यांसमोर होते आणि लाल ठिपक्याच्या नादात कोणी पंखांकडे पाहिलंच नव्हतं. तिनेही नाही.

तिने डिस्क बंद केली आणि कुकर लावला.

नीलमच्या सत्तावीस फोटोंत पंख लांब होते. यात शंकेला जागा नव्हती. पण नीलम स्वतःच म्हणत होती, माझीच चुकली असेल. ऋताला स्वतःहून काही रचायचं नव्हतं, फक्त तिच्या म्हणण्याला मान डोलवायची होती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने लिहिलं, 'पंख आखूड. बेलन्स क्रेक.' आणि बटण दाबलं. मग डबा उघडला आणि तीनही पोळ्या चवीने खाल्ल्या.

लगेच उत्तर आलं. 'ओके मॅडम. पण रविवारी ये. बेलन्स तर बेलन्स, अजून तिथेच आहे.'

नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. रविवारी पहाटे ती पार्ल्याहून रिक्षाने निघाली. हायवेच्या वळणावर नीलम स्कूटर घेऊन उभी होती. कच्च्या रस्त्याने दोघी डबक्याशी पोचल्या आणि गवताआड बसल्या. खाडीकडे रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग होती. तिच्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.

सात चाळीसला पाणकणीस हललं आणि फटाकडी बाहेर आली. पंधरा फुटांवर, उन्हात. राखाडी छाती, हिरवी चोच, मुळाशी लाल ठिपका. तिने चोच पाण्यात बुडवली, वर काढली. लाल तिथेच होतं. शेपटीकडे पंखांची लांब टोकं स्पष्ट दिसत होती.

ऋताने डोळ्याला लावलेली दुर्बीण खाली येईना. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याला पक्षीवाले 'लायफर' म्हणतात आणि लायफर दिसला की नजर हलतच नाही. अकरा वर्षं ती जिच्या नावाने ओळखली जात होती, ती तिला आज पहिल्यांदा दिसत होती. तीसुद्धा नीलमने दाखवलेली.

"बेलन्स ना?" नीलमने हळूच विचारलं. डोळा कॅमेऱ्यालाच होता.

फटाकडी दोन पावलं पुढे आली.

"लिटल," ऋता म्हणाली. "माझी ती बेलन्स होती."

नीलमने मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला कधी कळलं?"

"पान बेचाळीस शेजारी ठेवलं तेव्हाच. दिवसभर सावल्याच बघते गं मी."

"मग सरळ बोलायचंस ना! माझी चुकली असेल म्हणे."

"तू काय म्हणतेस ते बघायचं होतं." नीलमने शटर दाबलं. "बघितलं."

ऋताला शरम वाटायला हवी होती, थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त सलत होतं ते हे, की फटाकडी तर फटाकडी, तिची लबाडीसुद्धा नीलमला आधी दिसली होती.

तिने फोन काढला. २०१५ ची नोंद उघडली, लिटल खोडून बेलन्स केलं. तिच्या यादीतले तीनशे बारा पक्षी तीनशे अकरा झाले. मग गेल्या रविवारची नीलमची नोंद उघडून पुन्हा लिटल केली आणि कायम केली. शेवटी आजची स्वतःची लिहिली. पुन्हा तीनशे बारा. आकडा तोच राहिला. फक्त लिटल क्रेकच्या पानावर पहिलं नाव आता नीलम गजभिये होतं.

"झालं," ती म्हणाली.

"फोटो घे ना आधी, जाईल ती."

ऋताने घाईघाईने पाच-सहा घेतले. फटाकडी आत पळाली. पडद्यावर पाहिलं तर मागचं गवत काडीकाडीने स्पष्ट होतं आणि पक्षी धूसर. नीलमने आपला पडदा तिच्यापुढे धरला. चोचीच्या टोकावर पाण्याचा थेंब होता आणि त्या थेंबात सूर्य.

ऋताने नीलमच्या कॅमेऱ्याचा पट्टा बोटांत धरून उलटा केला. आतल्या बाजूला तिच्याच अक्षरात, पुसट शाईत 'दाबके' लिहिलेलं होतं.

"माझा जुना ना हा?"

"हो," नीलम म्हणाली. "परत देऊ?"

"राहू दे," ऋता म्हणाली, पण पट्टा मात्र सोडला नाही.