सव्वाबारातून पावणेनऊ

पडद्यांच्या त्या कारखान्यात कापणीच्या टेबलाला चार वाजता सुट्टी व्हायची, मशीनवाल्या बायकांना आठला. बिट्टीच्या आईला टेबल हवं होतं ते एवढ्यासाठीच. शाळा सुटली की तिची पाचवीतली पोर चार-चार तास बाहेरच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि इकडे आईचा जीव टांगणीला लागायचा.

कापणी बघणाऱ्या मास्तरांचा नियम होता, कापडाची गुंडाळी उलगडून मोजायची नाही. गुंडाळीला लावलेल्या चिठ्ठीवर शिल्लक लिहिलेली असे. तिच्यातून माप वजा करायचं आणि मगच कात्री लावायची. बिट्टीच्या आईची शाळा लवकर सुटलेली, अपूर्णांक तिला कधी जमलेच नव्हते. म्हणून आठवडाभर लेकीनेच तिची शिकवणी घेतली, ओट्याशी उभी राहून, थेट शाळेतल्या बाईंसारखे डोळे वटारून. सोपं असतं गं, मोठ्यातून लहान काढायचं की झालं.

टेबलाच्या कामासाठी परीक्षा होती, त्या दिवशी मास्तरांनी निळ्या कापडाची गुंडाळी पुढ्यात टाकली. त्या रंगाची ती शेवटचीच. शिल्लक सव्वाबारा मीटर. एकाच खोलीचे दोन पडदे, एक पावणेनऊचा, दुसरा चारचा. दोन्ही निघत नसतील तर कात्री लावायची नाही, त्यांनी बजावलं.

तिने टेबलावरच खडूने मांडलं. बारातून आठ गेले, चार. वर एक पाव, खाली तीन पाव. तीनातून एक गेला, दोन. उरले साडेचार. निघतात, ती म्हणाली.

मास्तरांनी आकडे पाहिले. चूक त्यांना लख्ख दिसली होती. तरीही त्यांनी कात्री तिच्या हातात दिली.

पहिला पडदा कापून झाल्यावर त्यांनी उरलेल्या कापडाला टेप लावला. साडेतीन. मशीनी एकेक करत थांबल्या.

"हे गणित कुणी शिकवलं, बाई?"

कुणी नाही, माझंच डोकं चालत नाही, ती पुटपुटली. तेवढ्यात शाळेतून आलेली बिट्टी दारातून आत डोकावली. टेबलावरचे आकडे पाहून तिचा चेहरा फुलला.

"आई, अगदी मी शिकवलं तसंच केलंस!"

या मशीनपासून त्या मशीनपर्यंत हसू पसरलं. तिला काही कळत नाही हो, बाहेर बसू द्या तिला, आई घाईघाईने म्हणाली. पण मास्तरांनी बिट्टीला प्रेमाने जवळ बोलावलं.

"बाळ, एका पावातून तीन पाव जातील का?"

बिट्टीने मान हलवली. नाही.

"मग बारातला एक उसना घ्यायचा. त्या अख्ख्या मीटरचे पाव किती?"

"चार. आणि आधीचा एक, पाच." पोर हुशार होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "पाचातून तीन गेले, दोन. बाराचे राहिले अकरा, त्यातून आठ गेले..."

ती थांबली. तिने कापलेल्या कापडाकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं.

"साडेतीन," ती अगदी हळू म्हणाली.

"शाब्बास. आता आईला तिच्या मशीनवर पोचवून ये."

काही झालं नाही गं वेडे, काही झालं नाही, आई सारखी म्हणत होती. बिट्टी मान वर करायला तयार नव्हती.