हातगाड्यांना मनाई

दामू आणि विठू हे दोघे भाऊ मिळून एकच हातगाडी चालवायचे. दामू पुढून ओढायचा, विठू मागून रेटायचा. गाव त्यांचं जिल्ह्याच्या आतल्या बाजूला. भात कापून झालं की तिथे हाताला काम उरायचं नाही, म्हणून दोघे भिवंडीत आले आणि इथेच राहिले. विठूची बायको गोदू गावीच घर आणि शेत बघायची. भाऊ पॉवरलूमच्या कारखान्यांतून कापडाचे तागे उचलायचे आणि बाजारातल्या गोदामांत पोचवायचे.

धामणकर नाक्याकडून बाजारात जाणारा रस्ता तेव्हा कसा होता, हे आता नव्याने आलेल्या माणसाला सांगूनही पटणार नाही. ज्यांना भिवंडीत काही भरायचं नव्हतं की उतरवायचं नव्हतं, असे कंटेनरसुद्धा बाहेरचा वळसा वाचवायला बाजारातून घुसायचे. शेअर रिक्षा, टेम्पो, माणसं, हातगाड्या, सगळं त्यांच्या चाकांना चिकटून चालायचं.

एका दुपारी पुढे रिक्षा अडकली म्हणून भावांनी चढावर गाडी थांबवली. मागून कंटेनर आला. ड्रायव्हरचा ब्रेक लागला नाही म्हणे. दामूला फक्त एक हिसका बसला. त्याने वळून बघितलं, तर विठू त्याच्या गाडीच्या आणि कंटेनरच्या मध्ये होता.

कंटेनरमागच्या हातगाडीवरचा काळूराम धावत आला. दोघांनी मिळून विठूला ओढून बाहेर काढलं, रिक्षात घातलं. पण रिक्षाला पुढे सरकायला बोटभर जागा नव्हती. शेवटी काळूरामने विठूला खांद्यावर टाकलं आणि गाड्यांमधून वाट काढत तो पळाला. दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आधीच विठूचा श्वास थांबला होता.

गावी दिवसकार्य उरकून दामू परत आला आणि त्याने आपली गाडी रस्त्यात आडवी लावली. घोषणा नाही, काही नाही. नुसता गाडीला टेकून बसला. काळूरामने आपली गाडी तिच्या शेजारी लावली. मग एकेक करत सगळे गाडीवाले आले. पोलिसांनी आधी दम दिला, मग समजूत घातली. दामू उठला नाही.

तेव्हा प्रितेश पुढे आला. कापडाचा व्यापारी, बाजारात मोठं दुकान, शहराबाहेर काल्हेरला वडिलोपार्जित जमिनीवर गोदामं. त्याने गाडीवाल्यांना पाणी आणि वडापाव दिले, अधिकाऱ्यांशी बोलून बैठक लावली आणि बाजाराची एक समिती उभी केली. प्रितेश खोटा माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. त्याच्या आईने गर्दीच्या धास्तीने देवळात जाणं सोडलं होतं. विठूची गोष्ट सांगताना त्याचा आवाज खरोखर जड व्हायचा.

समितीच्या फ्लेक्सवर विठूचा फोटो लागला. प्रत्येक बैठकीला प्रितेश दामूला गाडीत घालून न्यायचा. दामू उभा राहून तीच हकिकत सांगायचा आणि समोरचे साहेब मान खाली घालून ऐकायचे. सांगून सांगून ती हकिकत आपल्या तोंडात गुळगुळीत झालीय, असं दामूला वाटायला लागलं होतं. पण तिचा उपयोग झाला. अवजड गाड्यांना बाजारात बंदी आली आणि त्यांना पूर्णा गावाकडच्या बाहेरच्या रस्त्याने वळवलं. बाजारात विजेवरच्या छोट्या बस सुरू झाल्या, फुटपाथ रुंद झाले, झाडं लागली, बाक आले. बायका पोरांना घेऊन सावकाश खरेदी करू लागल्या. प्रितेशने दुकानाला नवी काच लावली.

पण हा रस्ता खुला व्हायच्या आधीच समितीची शेवटची बैठक झाली होती. त्यात नियम वाचून दाखवले. बसला अडथळा नको म्हणून हातगाड्यांना मनाई. माल सकाळी विजेच्या टेम्पोने येईल. दामूला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"शेठ, मग आमी कुठनं जायाचं?" त्याने विचारलं.

"बाहेरच्या रस्त्याने, काका. लांब पडेल थोडं," प्रितेश म्हणाला.

"त्या रस्त्यावर कंटेनर हायती."

प्रितेशने कागदावरून नजर उचलली नाही. सगळ्यांना सगळं मिळत नाही, इतकंच तो म्हणाला. बैठक संपल्यावर मात्र दामूला बाजूला घेऊन त्याने नोकरी देऊ केली. बाजाराच्या तोंडाशी पहारा करायचा. निळा शर्ट, शिट्टी, बसायला खुर्ची.

दामूने दोन दिवस उत्तर दिलं नाही. एकट्याने गाडी ओढवत नव्हती, गुडघे गेले होते, आणि गावी गोदूकडे त्याच्याशिवाय बघणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने निळा शर्ट घातला.

पहिल्याच आठवड्यात काळूराम तागे लादून समोर आला. दामूने शिट्टी वाजवली नाही, नुसता हात आडवा केला. काळूरामने गाडी थांबवली. मागे बस उभी राहिली, बसमधली माणसं वाकून बघू लागली.

"पलीकडं गोदाम दिसतंय," काळूराम म्हणाला. "दोन मिन्टाचं काम हाय."

"न्हाय सोडता येत."

काळूरामच्या आवाजात राग नव्हता. "विठू असता, तर त्याला पन अडवला असता?"

"अडवला असता," दामू म्हणाला.

काळूरामने गाडी वळवली. भरलेली हातगाडी वळवायला मागून एक माणूस लागतो. दामू जागचा हलला नाही. बसमधून उतरून एका कॉलेजच्या पोराने हात लावला.

दिवाळीनंतर गोदू गावाहून आली. तिला तो रस्ता बघायचा होता. विजेच्या बसने ती बाजारात उतरली, डोक्यावरचा पदर सावरत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आल्यावर बाकावर टेकली. दामू शेजारी उभा राहिला.

"किती निवांत हाय, दादा," ती म्हणाली. "ह्ये आदीच झालं असतं तर."

दामू हूं म्हणाला. रस्ता चांगला झाला होता, हेच त्याला सोसत नव्हतं. वाईट झाला असता, तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

गोदूने काळूरामदादांची चौकशी केली. त्यांना भेटून जायचं होतं, धन्याला त्यांनी खांद्यावर उचलून नेलं होतं. इथे एकही गाडीवाला कसा दिसत नाही, असं तिने विचारलं. इथे बंदी आहे, ते आता पूर्णाकडच्या रस्त्याने जातात, असं दामूने सांगितलं.

"आनि ते मोठे कंटेनर?"

"ते बी तिकडनंच."

गोदूने त्याच्या निळ्या शर्टाकडे बघितलं, मग गळ्यातल्या शिट्टीकडे. तेवढ्यात बस आली. दामू तिची पिशवी उचलायला वाकला, पण तिने ती आधीच काखेत घेतली होती. ती बसमध्ये चढली आणि त्याच्याकडची खिडकी सोडून पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.