कापणारीचा वाटा

गळ्याची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच उठावं, नंतर कुरकुर चालणार नाही.

तर आईने डबा टेबलावर असा आपटला, की प्रयोगशाळेतल्या झाडून सगळ्या बाटल्या किणकिणल्या. टेबलापलीकडे लेक उभी. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती शार्कच्या मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा कापत होती.

“उघड. सकाळचंच आहे,” आई म्हणाली.

आई बंदरावर मासे कापायची. बसएवढा शार्क तिच्यापुढे आणून टाका, चहा गार व्हायच्या आत साफ! मेलेले शार्कसुद्धा म्हणे तिची सुरी बघून डोळे मिटून घ्यायचे. तिथली रीत अशी, की मासा मालकाचा आणि काळीज कापणारीचं. तो यकृताचा वाटा तिने जन्मभर घरी आणला, शिजवला, पोरीला भरवला. आता पोरीला दिवस गेलेत म्हटल्यावर डबा घेऊन थेट कामावरच आली.

लेकीने झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

“आई, मी नाही खाणार.”

“वास येतो होय? नाक दाबून खा. तू पोटात होतीस तेव्हा मी किती खाल्लंय! म्हणून तर अशी हुशार निघालीस.”

“माझं काम काय आहे, माहितेय ना तुला?”

“मेलेले मासे तपासतेस. आता त्यांना आणखी काय व्हायचं राहिलंय?”

लेक हसली, पण सुरी खाली ठेवली. इतके महिने तिने हे बोलणं टाळलं होतं. सांगावं तर आईच्या जिवाला घोर, न सांगावं तर डबा समोर.

“समुद्रात पारा जातो गं. कोळशाच्या धुरातला, कारखान्यांतला. बारक्या माशांत तो चिमूटभर असतो. बारक्यांना मोठे खातात, मोठ्यांना शार्क. सगळ्यांचा पारा मग त्याच्या अंगात साठत जातो.”

“मग तो मरत कसा नाही?”

“काळीज सांभाळतं ना. पारा म्हण, कॅडमियम म्हण, येईल ते धरून बांधून ठेवतं, गप्प बसवतं. थोडं बाहेरही काढतं. पण येतं जास्त, जातं कमी.”

“म्हणजे घरातली थोरली सून,” आई म्हणाली.

दोघी हसल्या. मग आईने डबा हळूच आपल्याकडे ओढला आणि झाकणावर दोन्ही हात ठेवले.

“आणि पिल्लं? शार्कच्या पोटातून मी कितीतरी काढलीत. त्यांच्यात उतरतं का आईचं?”

लेक बेसिनकडे वळली. नळ सोडून सुरी धुऊ लागली.

“पिल्लांचं अजून तपासलं नाही आम्ही.”

मागच्या फळीवर काचेच्या बरणीत वीतभर लांबीची दोन पिल्लं होती. दोघांच्याही अंगातून तुकडा काढलेला. आई त्यांच्याकडे बघत राहिली. कुठला तुकडा कशाला काढतात, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

लेकीचा डावा कान जन्मापासून बंद. का, ते एकाही डॉक्टरला सांगता आलं नव्हतं. आई टेबलाला वळसा घालून नेमकी तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिच्या एप्रनची गाठ चाचपत अगदी हळू म्हणाली,

“तुझा कान माझ्यामुळे गेला का गं?”

सुरी केव्हाच स्वच्छ झाली होती. लेक तरी धूतच होती.

“काय म्हणालीस? ऐकू नाही आलं.”

“काही नाही. गाठ किती आवळतेस म्हटलं. काचेल बाळाला.”

आईने गाठ सोडली, सैल करून पुन्हा बांधली. लेकीने नळ बंद केला आणि ओल्याच हाताने आईचा हात धरून पोटावर ठेवला.

“बघ, कशा लाथा मारतंय.”

“मारणारच. आजीला उपाशी परत पाठवतेस ना.” आईने नाक ओढलं. “मग आता या काळजाचं काय करू मी? मांजरांना घालू?”

“मांजरांनी काय घोडं मारलंय? मला आणून दे. दर वेळी. आम्हाला तपासायला ताजं कुठे मिळतं?”

“खायचं नाही, पण आणायचं?”

“आणायचंच. आणि घरी शिजवायचं नाही. तूसुद्धा खायचं नाहीस.”

लेकीने डबा उचलला, त्यावर आईचं नाव लिहिलं आणि नमुन्यांच्या फ्रिजमध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला.

आता शपथ घेतलीच आहे, तर एक सांगून टाकते. शार्क बसएवढाच होता, त्यातलं मी बोटभरही कमी करणार नाही. पण आई डाव्या बाजूला उभी राहिली, ते मी पदरचं घातलं.

ती उजव्या बाजूला उभी होती.