मापकाकांचा उजवा पाय

बूट करणाऱ्याने आधी स्वतःचा पाय बुटात घालून पाहावा, हा मापकाकांच्या दुकानाचा नियम होता. नुसत्या नजरेने गिऱ्हाइकाच्या पायाचं माप सांगायचे, म्हणून ते मापकाका. आणि त्यांच्याशी लग्न करून मशिनवर कातडं शिवायला बसल्या, म्हणून त्या मापकाकू. नवा जोड तयार झाला की काका मोजा न घालता उजवा पाय आत सारायचे आणि दारापर्यंत वीस पावलं चालून यायचे. आत खिळ्याचं टोक वर आलेलं असो की शिवण टोचत असो, पाय सांगायचाच. जोड लहान असला तर निदान चवडा तरी आत जायचाच. हाताने चाचपणारे कारागीर त्यांना कच्चे वाटत. "बूट काय हातात घालायचाय?" असं ते विचारत.

अशा माणसाच्या दुकानात पोस्टातले साहेब कालच नेलेला जोड घेऊन सकाळी सकाळी परत आले.

"काका, उजव्यात खिळा आहे हो."

मापकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे म्हणायची आपली रीत. त्यांच्या तळपायाला बारा वर्षांच्या साखरेच्या दुखण्याने आग कळू द्यायचं केव्हाच बंद केलं होतं. पण हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांनी बूट घातला, वीस पावलं चालले आणि म्हणाले, "काही नाही. तुमचा मोजा वळला असेल."

"मोजा टोचतो?"

"हल्लीचे मोजे काय सांगावे!"

साहेब जोड तिथेच ठेवून गेले. महिन्यातली ही चौथी तक्रार होती. काका चक्रावले. चार माणसं, चार घरची, एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि सगळ्यांना एकच भास कसा होतो? खिळे तर नेहमीच्याच दुकानातले होते. त्यांनी ते पाण्यात टाकून पाहिले, उन्हात धरून पाहिले. खिळे खिळ्यांसारखेच होते.

"हात घालून बघा की एकदा," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षं पायाने बघितलं ते काय खोटं?" काका म्हणाले, आणि हट्टाने तोच जोड घालून दिवसभर दुकानात वावरले. संध्याकाळी साहेब परत आले की सांगायचं होतं, बघा, मी अख्खा दिवस काढला.

सांगायची वेळ आलीच नाही. बंद करायच्या सुमाराला काकांनी बूट काढले आणि पाणी प्यायला माठापर्यंत गेले. काकूंनी मशिनवरून मान वर केली तर फरशीवर एक सोडून एक लाल पाऊल.

"अहो, कुठे लागलं तुम्हाला?"

"मला? मला कुठे काय?" काकांनी खाली पाहिलं. "अगं, हे कुणाचं रक्त? तुझ्या बोटात सुई गेली का?"

त्यांनी काकूंची दहाही बोटं तपासली. मग कातडं कापायची सुरी पाहिली, पत्र्यावर एखादं मांजर जखमी होऊन पडलं असेल म्हणून चक्क छताकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आणि शोधत शोधत चालत राहिले, तशी पावलं वाढत राहिली. शेवटी काकूंनी त्यांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं आणि उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मागे, चवड्यावर, वाटाण्याएवढं भोक होतं. काका त्याकडे परक्याच्या पायाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"पण दुखत नाहीये," ते म्हणाले. "दुखत नाही म्हणजे लागलेलं नाही. होय ना?"

काकूंनी पदराचं टोक भोकावर दाबून धरलं. त्या घाबरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली. काका मजेत छताचा पंखा पाहत होते, आणि काकू मात्र डोळे गच्च मिटून बसल्या होत्या.

"काका, हाडापर्यंत गेलेलं नाही, नशीब समजा. सहा आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही. चालत राहिलात तर आधी बोट जाईल, मग पाऊल."

"एवढ्याशा भोकासाठी? अहो, दोन वर्षांपूर्वी मुंग्या यायच्या, रात्र रात्र झोप नसायची. त्यासुद्धा आपोआप बऱ्या झाल्या."

"बऱ्या नाही झाल्या. तुमच्या नसा गप्प झाल्या."

काकांना हे पटेना. मुंग्या गेल्या म्हणून ज्याने आनंद मानला, त्याला त्याच आनंदाबद्दल कुणी सुतक पाळायला सांगावं, तसं झालं. ते हट्टाला पेटले. तपासून बघा म्हणाले.

नर्सबाई नायलॉनचा बारीक, ताठ दोरा घेऊन आल्या. "डोळे मिटा काका. पायाला दोरा टोचला की 'हो' म्हणायचं."

काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "हो." मग, "हो." मग जरा थांबून, ठामपणे, "हो. अंगठा." नंतर बराच वेळ काही लागलं नाही. ते वाट पाहत राहिले.

"थांबलात का? डावा करा ना सुरू."

"दोन्ही झाले काका."

त्यांनी डोळे उघडले. "किती बरोबर आले?"

नर्सबाई दोरा पाकिटात घालू लागल्या. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, तुम्ही पहिलं 'हो' म्हणालात तेव्हा त्या पाकीटच उघडत होत्या. आणि दोरा लागला तेव्हा एकदाही म्हणाला नाहीत."

"पण मला लागला होता," मापकाका म्हणाले. त्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्यांनी पायाकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "मग आता मी ऐकायचं कुणाचं?"

"माझं," काकू म्हणाल्या.

ते बरं म्हणाले आणि सवयीने खाटेवरून उतरायला निघाले.

"पाय वर!"

मापकाकांनी पाय वर उचलला. आणि मग खरंच उचलला गेलाय का, ते वाकून पाहिलं.