कंपनीचं नाव मथळ्यात

आमच्या बोईसरच्या साप्ताहिकात अकरा वर्षं मथळे मीच लिहिते. मार्चमध्ये मालक विनोदशेठ यांना साक्षात्कार झाला की मथळ्यांसाठी एआय मदतनीस हवा. तीन मदतनीस पंधरा दिवस फुकट वापरायला मिळत होते. "परीक्षा घ्या आणि तुम्हीच निवडा, रुचिताताई," ते म्हणाले. आपल्या खुर्चीवर कोण बसणार ते आपणच ठरवायचं, एवढा मान हल्ली कोण देतं!

परीक्षेसाठी बातमी आयती चालून आली. भागी नावाची बाई कचेरीत आली. मूळची विक्रमगडकडची, आता इथल्या पाम गावात खोली घेऊन राहणारी. तिचा नवरा देवू कुंभवली गावाच्या हद्दीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. ड्रम उघडताना ॲसिड उडून त्याचे दोन्ही हात भाजले होते. ठेकेदार म्हणत होता, हा त्या दिवशी कामावर नव्हताच, गावात कुठंतरी भाजला असेल. म्हणजे दवाखान्याचा खर्च नाही की भरपाई नाही.

"ताई, कंपनीचं नाव वर मोठं लिवा," भागी म्हणाली. "पेपरात आलं का त्याला 'नाय' बोलता येनार नाय. देवूच्या संगतीचे दोघं सांगायला तयार हायेत."

मी त्या दोघांशी बोलले, देवूचा गेटपास पाहिला आणि कंपनीच्या नावासकट बातमी लिहिली. ती बातमी आणि आमचे नऊ वर्षांचे मथळे तिन्ही मदतनिसांना दिले.

पहिल्यानं लिहिलं, 'ड्रम उघडला आणि पुढे जे घडलं...' त्याला तिथंच नारळ दिला.

दुसऱ्यानं कंपनीचं नाव घालून सरळ मथळा दिला. खाली, कुणी न विचारता, टीप: 'तुमच्या मथळ्यांत या कंपनीचं नाव एकोणीस वेळा आलं आहे. रक्तदान, वह्यावाटप, वृक्षारोपण. अपघाताच्या सात मथळ्यांत मात्र नुसतं "एक कंपनी" आहे. हे मुद्दाम आहे का?' ते सातही मथळे माझे होते. मला लाज वाटली आणि त्याचा रागही आला. पहिल्याच दिवशी हा घरातलं उकरायला बसला!

तिसऱ्यानं आमची रीत बरोबर उचलली आणि "एक कंपनी"सुद्धा गाळली: 'कुंभवलीत कामगार भाजला'.

विनोदशेठनी दुसऱ्याची टीप दोनदा वाचली. त्या कंपनीची दिवाळी अंकातली पानभर जाहिरात त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावी. माझ्या तर नक्कीच गेली. "हुशार आहे," ते म्हणाले, "पण आपल्यात रमणार नाही. बातमीतलंही नाव काढा. बाकी निवड अर्थात तुमची."

मी तिसरा निवडला आणि बातमीतून कंपनीचा उल्लेखच काढला. घाबरले, दुसरं काय! पन्नाशीच्या बाईला मथळे लिहायची नोकरी परत कोण देणार होतं? अंक शुक्रवारी निघाला.

शनिवारी भागी आली. हातात आमचा अंक होता. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"अंक मिळाला वाटतं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"ठेकेदारानंच दिला," ती म्हणाली. "धा घेतलेत त्यानं. दवाखान्यात येऊन देवूला बोलला, वाच, पेपरात पन हेच हाय, गावात भाजला, कंपनीत नाय. त्या दोघांना पन एकेक दिला. आता ते माजा फोन उचलीत नाय."